सांडलेलं पीठ

गिरणीत झाडू मारायचं काम तिला सासूकडून आलं होतं, दुसऱ्यांच्या घरी दागिने येतात तसं. म्हातारीच्या गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा एका सकाळी तिने केरसुणी सुनेच्या हातात दिली आणि म्हणाली, "कोपरे आधी झाड. तिकडे कुणी बघत नाही, म्हणून तिथंच जास्त असतं." एवढंच काय ते शिक्षण.

मजुरी अशी ठरलेली नव्हतीच. आताच्या गिरणीवाल्याच्या बापाने कधीकाळी म्हातारीला सांगून टाकलं होतं, "जमिनीवर पडेल ते तुझं." बाप गेला, गिरणी मुलाकडे आली, पण शब्द तसाच चालत राहिला. आणि पडायचंही भरपूर. जात्याच्या तोंडाला बांधलेल्या कापडी बाहीतून पीठ डब्यात उतरताना उडायचं, बाहीच्या भोकातून गळायचं, डबा उचलताना काठावरून सांडायचं. दिवसभर ते सगळ्यांच्या पायाखाली साचायचं आणि गिरणी बंद झाली की ती ते गोळा करायची. बाहेर पडताना भुवया, पापण्या, केस, सगळं पांढरं. गिरणीतून ती म्हातारी होऊन निघायची आणि घरी पोचेपर्यंत वारा तिला पुन्हा तरुण करायचा.

घरी म्हातारी भिंतीला टेकून चाळणी घेऊन तयार असायची. खडे, पोत्याचे धागे, पट्ट्याचा काळा चुरा, एखादी मुंगी, असं सगळं निवडून ती पीठ पुन्हा पुन्हा चाळायची. गहू, मका, जव, डाळ, कुणाचं काय नि कुणाचं काय, सगळं त्यात एक झालेलं असायचं. त्याची पेज राखाडी व्हायची आणि कितीही चाळलं तरी दाताखाली कचकन काहीतरी यायचंच.

"वरच्या आळीच्या गव्हाला नि खालच्या आळीच्या मक्याला एका पंगतीत बसवलंय मी," म्हातारी नातीला सांगायची. "पुढाऱ्यांना नाही जमलं ते."

नात सात-आठ वर्षांची असेल, पण अंगाने इतकी बारकी की सगळे तिला टिचकी म्हणत. टिचकीचा बाप धरणाच्या कामावर लांब गेला होता. पहिल्या वर्षी त्याचे निरोप यायचे. पुढे निरोप आणणारी माणसंच परत आली आणि निरोप तिकडेच राहिला. घरात त्याचं नाव निघत नसे. त्याचा सदरा मात्र खुंटीवर होता, आणि म्हातारी तो अधूनमधून झटकून पुन्हा तिथेच अडकवायची.

त्या वर्षी पीक कापणीला आलं आणि गारा पडल्या. दुपारी आभाळ काळंनिळं झालं, वारा पडला, पाखरं गप्प झाली आणि मग पत्र्यांवर कुणी दगडं ओतावीत तसा आवाज सुरू झाला. थांबला तेव्हा शेतं कुणीतरी वर लोळून गेल्यासारखी दिसत होती. लोकांनी ओली कणसं वेचली, वाळवली, काळे दाणे निवडून टाकले. पोतं भरून दळण आणणारे लोक डबा आणू लागले आणि डबा आणणारे फडक्यात बांधून आणू लागले. गिरणीचा पट्टा सकाळी थोडा फिरायचा आणि मग दुपारभर गिरणीवाला दारात बसून रस्त्याकडे बघायचा.

टंचाईत माणसाची नजर बारीक होते. दूधवाल्याची बायको एक दिवस दळलेला डबा हातात तोलत उभी राहिली.

"कमी आहे."

"पीठ उडतं थोडं, ताई," गिरणीवाला म्हणाला. "आजचं का आहे ते?"

"उडून जातं कुठे? घरी मापून आणलंय मी." तिने जमिनीकडे बघितलं, मग केरसुणीकडे, मग केरसुणी धरणाऱ्या हाताकडे. "हिच्या केरात जातं आमचं. आम्ही पोरांच्या तोंडातलं काढून मोजायचं आणि हिने दोन्ही हातांनी गोळा करायचं!"

गिरणीत आणखी दोघी-तिघी होत्या. प्रत्येकीने आपापल्या डब्याकडे बघितलं. सुनेच्या कानशिलांवर पिठाखालून घाम आला. तिने तोवर झाडलेलं पीठ सुपात भरून दूधवालीपुढे धरलं.

"घ्या. यात तुमचं असेल ते घ्या."

"केरातलं घेऊन मी काय करू?" दूधवाली म्हणाली आणि डबा डोक्यावर घेऊन गेली.

गिरणीवाला वाईट माणूस नव्हता. तिच्या नवऱ्याबरोबर तो ओढ्यात डुंबलेला, तिला वहिनी म्हणणारा. पण गिऱ्हाईक दुसऱ्या गावच्या गिरणीकडे वळलं असतं तर त्यालाच झाडू हातात घ्यावा लागला असता. त्याने पत्रेकामवाल्याला बोलावलं. जात्याभोवती पत्र्याची घट्ट पाळ बसवली, नवी जाड बाही शिवून आणली, डब्याला तोंडाशी आवळायला दोरी केली. त्या दिवशीचं दळण झालं आणि संध्याकाळी जमीन होती तशीच काळी.

"बघा वहिनी," तो खुशीत म्हणाला, "चिमूटभर सांडत नाही. तुमचंही काम हलकं झालं."

"हो भाऊजी," ती म्हणाली.

त्या 'हो'चा तिला पुढे फार राग आला. तेव्हाच तोंड उघडलं असतं तर? पण जमिनीवर पडेल ते तुझं, असा शब्द होता. जमिनीवर काही पडतच नाही, तर कुठल्या तोंडाने मागायचं? सांडा म्हणून का सांगायचं?

घरी जाताना तिच्या फडक्यात कोपऱ्यांतलं मूठभर पीठ होतं. म्हातारीने चाळणी ओढली. तिने ते पुन्हा पुन्हा चाळलं, जणू चाळून चाळून वाढेल.

मग तिने काम शोधायला सुरुवात केली. शेतात काम नव्हतं, शेतच नव्हतं. रस्त्याच्या खडीवर गेली तर तिथे बाप्ये रांगेत उभे होते आणि मुकादम तिच्या मनगटांकडे बघून हसला. शिंपिणीकडे काजं-बटणं करून बघितली, पण गारांच्या वर्षी नवे कपडे कोण शिवतं? गिरणी तिने सोडली नाही. सोडली असती तर मूठभरही गेलं असतं. शिवाय दारात कुणी पोतं उतरवायला सांगितलं की बदल्यात ओंजळभर दाणे मिळायचे, कधी मिळायचे, कधी "देव भलं करो" मिळायचं.

पेज पातळ होत गेली. आधी चमचा उभा राहायचा, मग आडवा झाला, मग तळाशी दिसायला लागला.

म्हातारी त्याच सुमारास आधी जेवायला लागली. तिची जन्माची सवय होती सगळ्यांच्या मागून जेवायची, पोट भरलं की नाही ते कुणाला कळू न देता भांडी आवरायची. आता सून घरात पाऊल टाकते न टाकते तोच तिचा आवाज यायचा, "मी मघाशीच जेवले गं. तुम्ही घ्या."

"एकट्याच?"

"म्हाताऱ्या माणसाला धीर धरवतो का? वास आला की खावंसं वाटतं."

म्हातारीची वाटी धुऊन चुलीशेजारी उपडी ठेवलेली असायची. एकदा सुनेने ती उचलली. ओली होती. नाकाशी नेली. पेजेचा वास पितळेला कितीही घासलं तरी थोडा राहतो. या वाटीला नुसता पाण्याचा वास होता. तिने भांड्यात बघितलं. सकाळी जेवढी पेज होती, तेवढीच होती.

ती वाटी हातात धरून उभी राहिली. पलीकडे म्हातारी डोळे मिटून भिंतीला टेकली होती. आता बोलायचं होतं. "आत्याबाई, उठा, खा," एवढंच म्हणायचं होतं. पण सकाळपासून तिने पोती उतरवली होती, पोटात आतडी एकमेकींना चिकटल्यासारखी दुखत होती. तिने वाटी होती तशी उपडी ठेवली आणि पोरीला हाक मारली. त्या गप्प बसण्यात तिच्या वाट्याला अर्धी वाटी जास्त पेज होती. ती तिने प्यायली.

दुसऱ्या दिवशीही ती गप्प बसली. नंतर गप्प बसायची सवय होते, जशी पातळ पेजेची होते.

म्हातारी गेली ती भर दुपारी, अंगणातल्या उन्हात बसून. मांडीवर रिकामी चाळणी होती. टिचकी जवळच मातीत खेळत होती आणि आजी झोपलीय म्हणून आवाज न करता खेळत होती. सून परत आली तेव्हा ऊन सरकून म्हातारीच्या अंगावरून गेलं होतं आणि तरी ती सावलीतून उन्हाकडे सरकली नव्हती. त्यावरूनच तिला कळलं.

उचलताना तिला धक्का बसला तो वजनाचा. दळणाचा भरला डबा याहून जड असतो.

म्हातारीला पोचवून माणसं परतली आणि ताटं यायला सुरुवात झाली. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारी जेवण आणतात, माणुसकीच ती. शिंपिणीने भात आणला. गिरणीवाल्याच्या बायकोने घट्ट डाळ आणली, वर तुपाची धार. दूधवाली स्वतः दुधाची कासंडी घेऊन आली, डोळे पुसत म्हणाली, "फार कष्टाळू होती हो." गावात कुणाकडे काही नाही असं वाटत होतं, आणि घरात मात्र ताटं ठेवायला जागा उरली नाही. गारा पडल्यापासून त्या घराने एवढं अन्न बघितलं नव्हतं. खाणारं एक तोंड कमी झालं होतं तेव्हा ते आलं.

टिचकी जेवली. आधी भराभर, मग सावकाश, मग नुसती ताटाकडे बघत. मग तिने आईला विचारलं, "आजी मेली म्हणून आणलं ना हे?"

"हं."

"मग आता हे संपल्यावर?"

बायकांपैकी एकीने पदर तोंडाला लावला.  आईने घास उचलला होता तो तसाच हातात राहिला. 

पुढच्या दिवसांत तिला चाळणीचा आवाज यायचा. खसक, खसक, थांबून पुन्हा खसक. वळून बघितलं की काही नाही, वारा. गिरणीत पट्टा बंद होताना ढिला पडतो, तेव्हाही तोच आवाज. एका सकाळी गिरणी उघडली तर पिठाच्या बारीक धुळीत, भिंतीकडेने, एक फरफटल्याची खूण होती. म्हातारी गुडघे गेल्यावर तसा पाय ओढत चालायची. कुणीतरी पोतं ओढलं असणार, हे तिला कळत होतं. तरी तिने सगळी गिरणी झाडली आणि तेवढी खूण सोडली. कोपऱ्याकडे तिने बघितलंच नाही.

गावाला मात्र आता काहीतरी करायची ऊर्मी आली होती. एका सुटीच्या दिवशी निवृत्त मास्तर, दूधवाला, शिंपीण, गिरणीवाला असे सगळे तिच्याच अंगणात जमले. ती चूल सारवत होती. ते तिच्याविषयी बोलत होते आणि ती दोन हातांच्या अंतरावर होती.

"नुसतं धान्य देऊन भागत नाही," मास्तर म्हणाले. "माणूस परावलंबी होतो. तिला शिवणयंत्र घेऊन देऊ."

"माझंच यंत्र झाकून ठेवलंय," शिंपीण म्हणाली. "दोघींनी मिळून काय माश्या शिवायच्या?"

"शेळी द्या," दूधवाला म्हणाला. "शेळी म्हणजे चालतं-बोलतं घर."

"चारा?"

"चारा काय, शेळी चरते इकडे-तिकडे."

"गारांनंतर इकडेही काही नाही नि तिकडेही."

"पोरीला वसतिगृहात घातलं तर? एक पोट कमी," मास्तरांनी पुन्हा सुरुवात केली, आणि तिचा सारवणारा हात थांबला.

शिंपिणीचं लक्ष गेलं. ती म्हणाली, "अहो, ती इथेच बसलीय. तिलाच विचारा की."

 इतका वेळ हे कुणाला सुचलं नव्हतं याची लाज एकदम सगळ्यांना वाटली आणि मग सगळे एकदम तिच्याकडे बघायला लागले. ते अधिकच वाईट होतं. हाताला माती होती. तिने मान खाली घातली.

"बघू," ती म्हणाली. "सुचलं की सांगते."

मंडळी उठली. जाताना प्रत्येकाला थोडं हलकं वाटत असावं, बैठक तर झाली होती.

दुसऱ्या दिवशी गिरणीवाला पुन्हा आला, या वेळी एकटा, खांद्यावर पोतं घेऊन. हमालाला न सांगता स्वतः आणलं होतं, त्यामुळे धाप लागली होती. त्याने ते दारात उतरवलं. पांढरंशुभ्र, एकाच गव्हाचं पीठ.

"वहिनी, हे ठेवा."

ती दारातच उभी राहिली. "कशाबद्दल?"

"कशाबद्दल म्हणजे... असंच." तो पोत्याचं तोंड उगीच बांधत-सोडत राहिला. मग खाली बघतच म्हणाला, "पत्रा मी लावला. म्हातारीला न्हाऊ घालताना बायकोने बघितलं होतं, काल म्हणाली, म्हातारी पाण्यावर होती. तुम्ही का नाही बोललात? मला कळलं नाही हो. खरंच कळलं नाही."

त्याचे डोळे भरले होते. तिला वाटलं, यालाही चाळणीचा आवाज येत असणार. हा आता आयुष्यभर पोती आणत राहील, आणि मी ती घेत राहीन, आणि दोघेही म्हणू की सगळं पत्र्याने झालं. किती सोपं होईल.

"भाऊजी, तुम्हाला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मला होतं."

त्याने वर बघितलं.

"त्या खात नव्हत्या. मला दिसत होतं. मी त्यांच्या वाटणीचं खात होते. एकाच घरात, एकाच चुलीपुढे." तिचा आवाज चढला नाही. "तेव्हा तुम्ही एवढं ओझं वाहून आणू नका. त्यातलं अर्धं माझं आहे."

 तो पोत्यावर बसला. ती उंबऱ्यावर बसली. दारावरून एक कुत्रं पोत्याचा वास घेऊन गेलं.

"मग मी काय करू?" त्याने विचारलं, आणि काल अंगणात जमलेल्यांपैकी कुणी ज्या सुरात विचारलं नव्हतं, त्या सुरात विचारलं.

"मजुरी ठरवा," ती म्हणाली. "सांडेल ते नको. दया आली की पोतं, तेही नको. रोज काम झालं की डब्यातलं पीठ, मापून, आधीच बाजूला काढून ठेवलेलं. गिरणी चालो न चालो, मी आले म्हणजे मिळायला हवं. आणि नुसता झाडू नको. दगड गुळगुळीत झाला की जात्याला टाकी लावायला, छिन्नीने खाचा पाडायला, दुसऱ्या गावाहून माणूस बोलावता ना? मला शिकवा. हातात बळ आहे माझ्या."

"छिन्नी लागते हाताला. दगडाचा कपचा डोळ्यात उडतो."

"पीठही उडतं."

तो हसला, आणि हसल्याबद्दल ओशाळला. "गिऱ्हाईकं म्हणतील, दळणाचा दर वाढवला."

"म्हणू देत. दूधवालीला माझं नाव सांगा. माझ्यासमोर मापून घेईल ती."

त्याने मान हलवली. उठताना पोत्याकडे बघितलं. "आणि हे?"

"हे पुढच्या कामाचं धरा. फिटलं की सांगा."

मग ती रोज पाट्याएवढ्या जात्यासमोर उकिडवी बसून टाकी घालू लागली. पहिले काही दिवस अंगठा ठेचला, दगडावर रेघांऐवजी खळगे पडले, पीठ भरड आलं आणि बायका कुरकुरल्या. दूधवालीने डबा तोलला, पुन्हा तोलला आणि डोक्यावर घेतला. हळूहळू छिन्नीचा आवाज सरळ पडायला लागला. कामात असली की तिला दुसरं काही ऐकू यायचं नाही. थांबली की यायचं. ते तसंच राहणार, हे तिने मनाशी धरलं.

घरात आता घट्ट पेज होती. त्यात कचकच नव्हती. तरी टिचकी वाळत चालली होती.

आधी आईला वाटलं, आजीच्या आठवणीने. मग एके दिवशी तिने खुंटीवरचा सदरा धुवायला काढला तर दोन्ही खिशांतून मुंग्यांची रांग निघाली. आत वाळलेल्या पेजेचे गोळे होते, बोटांचे ठसे उमटलेले. तिने अंथरुणाची घडी उलगडली, तिथेही होते. भिंतीच्या फटीत, फडताळामागे, सगळीकडे. तिने पोरीवर हात उगारलाच होता.

"अन्नाची नासाडी करतेस? हे असे दिवस असताना?"

टिचकी मागे सरकली नाही. आईच्या हातातल्या सदऱ्याकडे बघत म्हणाली, "ते तुझं आहे."

"माझं?"

"तुला पुरत नाही ना. तू मेलीस तर."

आई सदरा घेऊन तिच्यासमोर बसली.

"आजी खायची नाही," टिचकी म्हणाली. "वाटी भिजवून ठेवायची. मी बघायचे. ती म्हणायची सांगू नकोस. मग मी सांगितलं नाही." ती थांबली. "मला भूक लागायची, आई."

त्या एवढ्याशा घरात तिघीजणी होत्या आणि तिघींना सगळं माहीत होतं. आईने पोरीला ओढून जवळ घेतलं. तिच्या पाठीचे मणके हाताला लागले. तिला काहीतरी सांगायचं होतं, तुझा दोष नाही असं, पण हे वाक्य तिने स्वतःला कधीतरी सांगून बघितलं होतं आणि ते पचलं नव्हतं. ती उठली. चूल पेटवली, नवं पीठ भिजवलं, भाकरी भाजली, एकच ताट घेतलं आणि पोरीला समोर बसवलं.

"आधी मी," ती म्हणाली. "तू बघ."

तिने घास घेतला, चावला, गिळला. टिचकी पुढे सरकून तिच्या गळ्याकडे बघत होती, खाली जातोय का ते.

"तोंड उघड," टिचकी म्हणाली.

तिने तोंड उघडलं. पोरीने चुलीच्या उजेडात वाकून आत बघितलं, जिभेखाली बघितलं, दोन्ही गाल बघितले.

"गेला," टिचकी म्हणाली, आणि मग स्वतःचा घास घेतला.

पुढचा घास पुन्हा आईने घेतला, आणि पुन्हा तोंड उघडून दाखवलं.